रिकाम्या सॉकेटवरचा लोड

धंद्यातले लोक मला ‘वीसफूट’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, मला राग येत नाही. छोटे जनरेटर भाड्याने देणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा, तेवीस वर्षं झाली. यंत्र देताना मी गिऱ्हाइकाला समोर उभं करून पाच गोष्टी म्हणून घेतो. जनरेटर घरापासून वीस फूट लांब. धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. घरात, पडवीत, गॅरेजमध्ये, जिन्याखाली कधीच नाही, दारं-खिडक्या सताड उघडी असली तरी नाही. घराच्या वायरिंगला जोडायचा नाही, नाहीतर तिकडे खांबावर चढलेला लाइनमन हकनाक मरेल. आणि पेट्रोल भरायचं ते यंत्र बंद करून, गार झाल्यावर. ज्याला एवढं पाठ म्हणता येत नाही त्याला मी यंत्र देत नाही. एकदा एका वकिलाला हात हलवत परत पाठवलं होतं. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की माणूस हलगर्जी असणार, धूर डोक्यात गेला असणार. धुराची शक्यता मी सगळ्यांत आधी तपासली. एकदा नाही, दिवसातून चारदा.

वादळ मंगळवारी सकाळी आलं आणि दुपारी गेलं. जाताना आमच्या भागातले साठेक विजेचे खांब आडवे करून गेलं. वीज कंपनीचा माणूस म्हणाला, पाच दिवस तरी धरा. दोन तासांत माझ्या दुकानातले सगळे जनरेटर भाड्याने गेले. एकच लाल जनरेटर मी कोणाला दिला नाही. सगळ्यांत लहान, जेमतेम चार अँपिअरचा, पण भरवशाचा. तो ताईसाठी ठेवला होता.

ताई माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे माझं नाक पुसण्यापासून मला दुकान थाटून देईपर्यंत सगळं तिनंच केलं. तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, एकतीस वर्षं लाकडाच्या वखारीत राबले आणि तिथला भुसा त्यांच्या छातीत जाऊन बसला. दोन वर्षं झाली, त्यांच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन चालतं. ते हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडतं. मशीनला स्वतःची बॅटरी आहे, वीस मिनिटांची. ताईच्या गल्लीतली वीज जरा उशिरा गेली; तिचा फोन आला तेव्हा त्यातली सहा मिनिटं गेली होती.

“आलोच,” मी म्हणालो.

“आलोच नको, ये,” ती म्हणाली.

हॉस्पिटलात एकही खाट रिकामी नव्हती. डॉक्टरांचं म्हणणं पडलं, मशीन चालू राहत असेल तर घरीच ठेवा, इथे बोळात सतरंजीवर झोपवण्यापेक्षा ते बरं. म्हणजे सगळा भार त्या लाल डब्यावर आणि माझ्यावर.

ताईचं घर तीन खोल्यांचं, मागे लांबट अंगण. मी टेप काढून भिंतीपासून वीस फूट मोजायला लागलो तर ती मागच्या दारात येऊन उभी राहिली.

“अरे, आत माणूस गुदमरतोय आणि तू जमीन मोजतोयस? इथे पडवीत ठेव ना, पाऊस पण लागणार नाही.”

“पडवीत ठेवला तर एकटे भावोजीच नाही, तुम्ही दोघंही गुदमराल. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, ताई. माणूस झोपतो तो उठतच नाही.”

“बरं बाबा वीसफूट, कर तुझं.”

यंत्र अंगणाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी बसलं. वर चार बांबूंवर पत्रा टाकला, चारी बाजू मोकळ्या. जाड वायर खिडकीच्या फटीतून आत घेतली आणि फट चिंध्यांनी गच्च बुजवली. खाटेच्या उशाशी धुराचा अलार्म लावला, त्यावर आकडा दिसतो. आकडा शून्य होता आणि पाचही दिवस शून्यच राहिला. जनरेटरला पुढे दोन सॉकेट. डावीकडे भावोजींचं मशीन. उजवीकडच्या सॉकेटवर मी चिकटपट्टी मारली, कोणी सहज म्हणून फोन चार्जिंगला लावू नये.

पेट्रोलची टाकी चार तास पुरायची. चार तासांनी यंत्र बंद, पंधरा मिनिटं गार होऊ द्यायचं, दोन मिनिटं भरायला, मग पुन्हा सुरू. तेवढा वेळ मशीन बॅटरीवर. म्हणजे वीस मिनिटांतली सतरा संपायची आणि हातात तीन उरायची. ही तीन मिनिटं माझ्या डोक्यात त्या दिवसांत अशी काही भिनली की मी चहा पिताना घड्याळ बघायचो, चूळ भरताना घड्याळ बघायचो. जागेवर बसवेना. दर थोड्या वेळाने उठून अंगणात जायचो आणि यायचो.

प्रत्येक वेळी बंद करायच्या आधी ताई खाटेपाशी जाऊन सांगायची, “अहो, पेट्रोल भरायचंय बरं का, पंधरा मिनिटं.” मग आतून ठक-ठक आवाज यायचा. मला वाटायचं, भावोजी हो म्हणतायत.

बुधवारी दुपारी मी टाकीच्या कट्ट्यावर बसून भाकड विचार करत होतो आणि एकदम लक्षात आलं की इंजिन ओढून चाललंय.

इतकी वर्षं इंजिनाचा आवाज ऐकून माझा कान तयार झालाय. नुसता ऐकून मी सांगतो की फ्रिज लागलाय की पंखा. लोड वाढला की इंजिन जरा घसा खाकरतं, मग खालच्या सुरात स्थिर होतं. भावोजींच्या मशीनचा आवाज मला ठाऊक होता. हा त्याहून जड होता. आणि स्थिर होत नव्हता. जड व्हायचा, हलका व्हायचा, पुन्हा जड.

पहिला संशय आला समोरच्या टेलरबाईवर. तिच्याकडे विजेची शिलाई मशीन आणि लग्नाच्या कपड्यांचा ढीग, त्यामुळे वीज गेल्यापासून ती हात चोळत बसलेली. मी सरळ गेलो.

“बाई, आमच्या यंत्राला कुठे वायर जोडलीय का तुम्ही? खरं सांगा, मी रागावणार नाही.”

“आत्ताच रागावलेले दिसताय,” ती म्हणाली. “या, बघा घर. पलंगाखाली पण बघा. मी हातानं काज करून करून बोटं सोलून घेतलीत, आणि म्हणे वायर जोडली!”

तिचं घर मी खरंच पाहिलं. वायर नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेट्रोल भरायच्या वेळी मी जनरेटरची पुढची पत्र्याची पट्टी उघडली. टाँग टेस्टर म्हणून एक मीटर असतो, त्याचा चिमटा वायरीभोवती अडकवला की तिच्यातून किती वीज जातेय ते कळतं. माझा जुना आहे, काट्याचा. डाव्या सॉकेटच्या वायरीला अडकवला, इंजिन सुरू केलं. एक पूर्णांक सहा. बरोबर, भावोजींचं मशीन तेवढंच खातं. मग चिमटा उजव्या सॉकेटच्या वायरीला लावला.

तिथे काही नसायला हवं होतं. चिकटपट्टी जागच्या जागी होती. मी ती सोलून पाहिली, आत दोन भोकं, भोकांत अंधार. काटा शून्यावरून उठला, सावकाश शून्य पूर्णांक चारवर गेला. तिथे क्षणभर टेकला. मग तितक्याच सावकाश खाली आला. पुन्हा उठला.

मी मीटर बदलला. दुकानातून दुसरा आणला. तोही तेच दाखवायला लागला. सॉकेट खोलून फुंकर मारली, पुसलं, कुठे ओल नाही, कुठे जळकट वास नाही. अलार्म उचलून यंत्रापाशी आणला, धुराच्या तोंडाशी धरला तेव्हा तो बोंबलला, म्हणजे अलार्मही ठीक होता. परत खाटेपाशी नेला, शून्य. मी तोंडावर पाणी मारलं, लांब रस्त्यापर्यंत चालून आलो, मोकळी हवा घेतली. तरी काटा हलतच होता.

शेवटी टेलरबाईलाच बोलावलं. म्हटलं, माझ्या डोळ्यांना काय झालंय ते तरी कळू दे.

“काय दिसतं सांगा.”

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग तिने पदर खांद्याभोवती ओढून घेतला. “कोणीतरी झोपल्यावर छाती हलते ना,” ती म्हणाली, “तसं हलतंय.” त्यानंतर ती आमच्या अंगणात आली नाही. काही लागलं तर रस्त्यावरूनच हाक मारायची.

मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा.

आत गेलो. भावोजी डोळे मिटून पडले होते. वादळाच्या दिवशी त्यांचा श्वास मिनिटाला सव्वीसवर गेला होता, मीच मोजला होता, आणि प्रत्येक श्वासाला गळ्याजवळ खड्डा पडत होता. आता गळा शांत होता. मोजलं, चौदा. खिडकीच्या काचेतून मला अंगणातला मीटर दिसत होता. भावोजींची छाती खाली गेली की काटा वर जायचा. छाती वर आली की काटा खाली. एकदाही चुकलं नाही.

“बघ ना, किती छान झोप लागलीय त्यांना,” ताई हळूच म्हणाली. दोन वर्षांत तिच्या तोंडून असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी तिला काही सांगितलं नाही.

गुरुवारी भावोजी उठून बसले. भिंतीला टेकून त्यांनी अर्धा कप चहा घेतला आणि माझी टर उडवली. “वीसफूट, तुझी बायको स्वयंपाक करते तेव्हा चूल किती फुटांवर असते रे?” ताई खळखळून हसली. मीही हसलो आणि लगेच उठून अंगणात गेलो. उजव्या सॉकेटवर काटा एक पूर्णांक दोनपर्यंत जात होता.

शुक्रवारी सकाळी एक पूर्णांक नऊ.

आता माझं गणित ऐका. भावोजींचं मशीन एक पूर्णांक सहा. रिकामं सॉकेट एक पूर्णांक नऊ. झाले साडेतीन. जनरेटर चारचा. चार ओलांडले की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद पडतो, आणि लोड गेल्याशिवाय पुन्हा उठत नाही. भावोजींकडे वीस मिनिटं. दुसरा मोकळा जनरेटर गावात नाही, असलेले सगळे मीच वाटून बसलो होतो. हा वाढता लोड कोणाचा, कशाचा, याच्याशी मला काय करायचंय? तो काढला पाहिजे एवढंच मला कळत होतं. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा मला त्याची चीड आली होती. माझ्या बहिणीच्या माणसाच्या तोंडचा घास कोणी ओरबाडत असेल तर मी बघत बसणार का?

दुपारचं पेट्रोल भरायची वेळ झाली. ताईने आत सांगितलं. ठक-ठक झालं. मी यंत्र बंद केलं, पंधरा मिनिटं थांबलो, पेट्रोल भरलं, आणि उरलेल्या वेळात उजव्या सॉकेटला जाणारी वायर पक्कडीने कचकन तोडली. दोन्ही टोकांना टेप गुंडाळला. इंजिन सुरू केलं. आवाज हलका झाला, सरळ, एकसुरी. काटा शून्यावर पडून राहिला. हुश्श म्हणून मी कपाळ पुसलं.

तेवढ्यात ताईची किंचाळी आली.

भावोजी अर्धवट उठून खाटेची कड पकडून बसले होते. ओठ निळे. गळ्याजवळ खड्डा. श्वास येत होता पण कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं, एक अर्धा, एक चोरटा, मग दोन सलग, मग काहीच नाही. मशीन नीट चालू होतं. नळी नाकात होती. नळीतून हवा येत होती, मी गालावर धरून बघितली.

“काय झालं रे यांना? मघापर्यंत बरे होते! अरे काहीतरी कर!”

भावोजींनी माझा हात मनगटाशी धरला. बोटं गार होती.

“थांबला,” ते म्हणाले. “न सांगता... थांबला.”

“कोण?”

त्यांनी पायथ्याकडे बघितलं. खाटेच्या त्या टोकाला घडी केलेली चादर होती, बाकी काही नव्हतं.

“तूच काहीतरी केलंस,” ताई म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली. “अंगणात काय केलंस तू? जे केलंस ते परत कर. मला काही सांगू नकोस, परत कर. मला हा एकच माणूस आहे.”

वायर जोडायची तर यंत्र बंद करायला हवं. यंत्र बंद केलं की मशीन बॅटरीवर. बॅटरी आत्ताच जवळजवळ सगळी वापरून झाली होती, भरायला जेमतेम वेळ मिळाला होता. मशीनवर आकडा होता चार.

चार मिनिटं.

मी पळालो. इंजिन बंद केलं. चालत्या वायरीला हात लावायचा नाही, हा नियम त्या क्षणीही मोडला नाही. पट्टी उघडली. इंजिनाची कड तापलेली होती, तळहाताला चटका बसला, तो मला नंतर कळला. टेप सोलायला गेलो तर बोटाला चिकटून बसला. दातांनी ओढला. तारा सरळ केल्या. एक पीळ, दोन पीळ, तीन. आतून ताई मोठ्याने आकडे वाचत होती.

“दोन मिनिटं!”

टेप.

“दीड! अरे, दीड!”

दोरी ओढली. इंजिन फुरफुरलं आणि गप्प झालं.

पुन्हा ओढली.

तिसऱ्यांदा ओढल्यावर ते पेटलं, आणि पेटताक्षणी खालच्या सुरात उतरलं. काटा उठला. एक. दीड. एक पूर्णांक नऊ. टेकला, आणि सावकाश खाली यायला लागला.

खिडकीतून मला भावोजींची छाती वर येताना दिसली.

मी तिथेच चिखलात बसलो. एवढ्यात टेलरबाईने रस्त्यावरून विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी हो म्हणालो.

संध्याकाळी भावोजी बोलले. हळू, थांबत थांबत, पण नीट बोलले.

“वखारीत मोठी करवत असायची. दोन माणसांची. ओंडका मध्ये, एक इकडे, एक तिकडे. तिला ढकलायचं नसतं बरं का. नवखे लोक ढकलतात आणि पातं वाकवतात. आपण फक्त आपल्याकडे ओढायची. मग सोडायची, की समोरचा ओढतो. त्याने ओढली की आपण श्वास सोडायचा. एकदा लय लागली की दिवसभर दम लागत नाही. वादळाच्या दिवशी माझा दम संपला होता रे. मी सोडून देणार होतो. तेवढ्यात पलीकडून कोणीतरी ओढली.”

“तुमचा जोडीदार?” ताईने विचारलं. भावोजींचा वखारीतला जोडीदार कधीच वारला होता.

“तो नाही,” भावोजी म्हणाले. “त्याचा हात मी ओळखतो. तो झटका द्यायचा. हा कोण ते मला ठाऊक नाही. पण ओढतो चांगला.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पेट्रोल भरायच्या आधी मी त्याला सांगतो. फळीवर दोनदा ठोकलं की विसावा, अशी वखारीतली रीत. मग तोही थांबतो, मीही थांबतो. आज तू विसाव्यात त्याच्या हातातली करवतच काढून घेतलीस. असं करू नये. वखारीत असं केलं तर माणसाचा हात जातो.”

माझ्या पाच नियमांत हा नव्हता.

त्या रात्री मी मीटरसमोर स्टूल टाकून बसलो. दोन पूर्णांक एक. दोन पूर्णांक दोन. मी वीज कंपनीत दर तासाला फोन करत होतो. शेवटी तिथला माणूस म्हणाला, काका, तुम्ही फोन केल्याने खांब लवकर उभा राहत नाही. शनिवारी सकाळी अकराला दोन्ही मिळून तीन पूर्णांक नऊ झाले होते. काटा वर गेला की इंजिन कण्हायचं आणि मी डोळे मिटून घ्यायचो.

अकरा वाजून दहा मिनिटांनी वीज आली.

गल्लीत एकच ओरडा झाला. टेलरबाईची मशीन खडखडायला लागली. ताई रडत रडत माझ्या गळ्यात पडली. मी भावोजींच्या मशीनचा प्लग काढून भिंतीच्या सॉकेटात लावला. मशीन चालू राहिलं. भावोजींचा श्वास चालू राहिला. चौदा.

अंगणात जनरेटर चालूच होता. त्याला आता काहीही जोडलेलं नव्हतं. डावीकडचा काटा शून्य. उजवीकडचा दोन पूर्णांक तीन.

“आता बंद करू दे,” मी आत येऊन म्हणालो. “वीज आलीय. पुन्हा जाणार नाही म्हणतात.”

ताई घाबरून भावोजींकडे बघायला लागली.

“सांगून बंद कर,” भावोजी म्हणाले. “तीनदा ठोकलं की काम संपलं, असं असतं. समोरच्याने तीनदा ठोकलं की त्यालाही मान्य. मग दोघांनी एकदम करवत ठेवायची. त्याने एकदाच ठोकलं, तर नाही.”

“नाही म्हणजे?”

“म्हणजे अजून नाही.”

त्यांनी हात मागे नेला आणि उशाकडच्या फळीवर बोटाच्या पेराने ठोकलं. ठक. ठक. ठक.

आम्ही थांबलो. ताईने माझा दंड धरला होता.

बाहेर इंजिन चालू होतं. काटा वर, काटा खाली.

पायथ्याच्या फळीवर आवाज आला. ठक.

एकच.

तिकडे चादर होती. चादरीची घडी हललीही नाही.

भावोजी हसले. दुसऱ्याचं म्हणणं पटलं की माणूस हसतो तसं, थोडं ओशाळून.

“बरोबर आहे त्याचं,” ते म्हणाले. “ओंडका अजून आरपार कापून व्हायचाय. मध्येच सोडून कसं चालेल?”

“कसला ओंडका?” मी विचारलं.

त्यांनी हात वर करून ताईला चार बोटं दाखवली. एकमेकांना चिकटवून, आडवी. लाकूडवाले जाडी दाखवतात तशी.

“एवढाच उरलाय,” ते म्हणाले.

ताईने त्या चार बोटांकडे बघितलं. पदराने डोळे पुसले. मग पायथ्याशी गेली, ती चादर उचलून बाजूला ठेवली आणि तिथली जागा हाताने साफ केली.

“मग सावकाश ओढा की,” ती म्हणाली. एकदा उशाकडे बघून, एकदा पायथ्याकडे बघून. “दोघांना सांगते. घाई कसली आहे? मागे कोणी लागलंय का तुमच्या?”

मी अंगणात आलो. टाकीत तीन तासांचं पेट्रोल होतं. मी स्टूल ओढून मीटरसमोर बसलो, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि पूर्ण मिनिटभर मोजलं.

नऊ.

मी उठून खिडकीशी गेलो आणि आतला श्वास मोजला. तोही नऊ. दोघांनी ताईचं ऐकलं होतं.